एका वेळी एक रचना: जॅझ, इलेक्ट्रॉनिक आणि इंडी संगीत दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची पद्धत

आपल्याला एखादी जॅझची ध्वनिमुद्रिका किंवा दिल्ली-मुंबईतला एखादा इंडी, म्हणजे स्वतंत्र, बँड मनापासून आवडतो, आपण उत्साहाने त्याची लिंक मित्रांच्या गटात टाकतो, दोघेतिघे अंगठा उंचावून मोकळे होतात आणि प्रत्यक्षात ते संगीत कोणीही ऐकत नाही. यात समोरच्यांचा फारसा दोष नसतो. नऊ-दहा मिनिटांची, शब्द नसलेली, कुठे चालली आहे हे सुरुवातीला मुळीच न कळणारी रचना ओळखपाळख नसताना समोर आली, तर ती दीड मिनिटात बंद होणारच. गटात टाकलेली शिफारस कोणासाठीच नसते, ती जाहिरात असते. म्हणून पुढे सांगितलेल्या साऱ्या पद्धतीचा भर एकाच गोष्टीवर आहे: शिफारस एका माणसासाठी करावी, एका वेळी एकच रचना द्यावी, आणि ती कशी व कुठे ऐकायची याचीही सोय शक्यतो आपणच करावी.

नावांचा माग काढावा

दुसऱ्याला काही द्यायचे तर आधी आपल्यापाशी सांगण्यासारखे काही हवे, आणि त्यासाठी केवळ गाणी नव्हे तर त्यांच्यामागची माणसे ठाऊक हवीत. जॅझच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे, त्यांची वाद्ये आणि ध्वनिमुद्रणाची तारीख छापण्याची जुनी पद्धत आहे. नवे संगीत शोधण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. मोबाइलवरील ॲपमध्ये ही माहिती बहुधा अपुरी असते, पण डिस्कॉग्ज या २००० साली सुरू झालेल्या सूचीस्थळावर जवळजवळ प्रत्येक तबकडीची श्रेयनामावली सापडते.

एक माग प्रत्यक्ष काढून पाहू. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. ट्रंपेटवर स्वतः डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, अल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेत त्यांच्या जागी विंटन केली), बास या खर्जाच्या तंतुवाद्यावर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. यातल्या कोणत्याही एका नावाच्या मागे जावे. बिल एव्हान्सच्या मागे गेलो, तर २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या छोट्या क्लबमध्ये स्कॉट लफारो आणि पॉल मोशन यांच्यासह झालेले त्याचे वादन सापडते, ज्यात बास हे वाद्य साथीची खुर्ची सोडून बरोबरीने बोलू लागलेले ऐकू येते. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात वारला.

कोल्ट्रेनच्या मागे गेलो तर रस्ता आणखी लांब जातो. डिसेंबर १९६४ मध्ये त्याने मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांच्यासह ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी त्याच्या संचात फॅरो सँडर्स हा तरुण सॅक्सोफोनवादक आला. १९६७ साली कोल्ट्रेन वारल्यानंतर त्याची पत्नी, हार्प आणि पियानो वाजवणारी ॲलिस कोल्ट्रेन, हिने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या अल्बमात हाच सँडर्स भेटतो, आणि त्याच्या सुरांखाली चक्क तानपुरा वाजत असतो. त्यानंतर अर्ध्या शतकाने, २०२१ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी सँडर्स पुन्हा समोर येतो तो फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने काम करणाऱ्या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर, ‘प्रॉमिसेस’ या अल्बमात. २०२२ साली सँडर्स गेला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये ही रचना सादर झाली, तेव्हा त्याची जागा शबाका हचिंग्ज या लंडनच्या वादकाने घेतली. एकाच तबकडीवरच्या एका नावापासून निघून आपण हार्प, तानपुरा आणि सिंथेसायझर यांच्यामधून आजच्या लंडनपर्यंत येऊन पोचलो. ॲपने आपोआप सुचवलेल्या यादीत हा प्रवास सहसा घडत नाही, कारण ती यादी सारखे वाटणारे संगीत देते. एकमेकांशी नाते असलेले संगीत सारखे वाटेलच असे नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीतात बहुधा एकच माणूस काम करतो, तेव्हा वादकांऐवजी संगीत प्रसिद्ध करणाऱ्या लेबलचा माग काढावा. शेफील्डमध्ये १९८९ साली सुरू झालेले वॉर्प हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या अल्बमांची यादी क्रमाने ऐकली, तर नाचासाठीचे संगीत घरात बसून ऐकण्याचे संगीत कसे झाले हे आपोआप समजते. जॅझपुरते बोलायचे तर १९६९ साली म्यूनिकमध्ये सुरू झालेल्या ईसीएम या लेबलला हेच लागू पडते.

यंत्राचाही माग काढता येतो, आणि तो मुंबईत येऊन पोचतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची टीआर-८०८ (ठेका वाजवणारे) आणि टीबी-३०३ (बासचे सूर वाजवणारे) ही दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी खपली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३मधून जे चरचरीत, वळसे घेणारे आवाज काढले, त्यांना ॲसिड हाउस असे नाव मिळाले आणि त्या प्रकाराचा पहिला गाजलेला रेकॉर्ड १९८७ साली निघाला. २०१० साली चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे मात्र कोणी समजू नये. एकाच यंत्राने दोन ठिकाणी सारखी वाट दाखवली, एवढेच.

इंडी बँडच्या बाबतीत सदस्यांची इतर कामे पाहावीत. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा गायक सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावाने एकट्याने हिंदी शब्दांचे इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. बँडचा ‘बिस्मिल्ला’ आणि लिफाफाचा ‘जागो’ हे दोन्ही अल्बम २०१९चेच आहेत. ज्याला एक आवडला त्याला दुसरा द्यावा, आणि ज्याला एकही आवडला नाही त्याचा नाद सोडावा.

याखेरीज माणसांनी चालवलेला रेडिओ हा मोठा आधार आहे. लंडनचा एनटीएस, सिएटलचा केईएक्सपी आणि दिल्लीचा बॉक्सआउट एफएम यांचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐकता येतात. तिथे सगळे ऐकायला जाऊ नये. ज्याची आवड आपल्याला पटते असा एखादाच निवेदक धरावा, त्याचे जुने कार्यक्रम ऐकत राहावे, आणि त्याने वाजवलेल्या रचनांची यादी समोर ठेवावी.

नोंदवही

जे आवडले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे: रचना, अल्बम, वर्ष, लेबल, वादक, लांबी, आणि नेमक्या कोणत्या मिनिटाला काय आवडले. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण “फार सुंदर आहे” या शब्दांनी समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही, पण “चौथ्या मिनिटाला ड्रम्स थांबतात तिथे लक्ष दे” असे सांगितल्यावर तो किमान चौथ्या मिनिटापर्यंत तरी ऐकतो. आणखी एक रकाना असावा, त्यात ही रचना कोणाला द्यावीशी वाटली त्याचे नाव लिहावे. नाव सुचत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा आणि ती रचना तूर्त आपल्यापाशीच राहू द्यावी.

माणूस पाहून रचना निवडावी

इथे बहुतेकांची गल्लत होते. आपण जे सध्या ऐकत आहोत तेच आपण पाठवतो, आणि समोरचा माणूस आयुष्यभर काय ऐकत आला आहे याचा विचारच करत नाही. मराठी घरांत कान तयार असतो, पण तो वेगवेगळ्या संगीताने तयार झालेला असतो. त्याचा उपयोग करून घ्यावा.

ख्याल ऐकणाऱ्या आत्याला किंवा काकांना ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना द्यावी. तिचा आराखडा त्यांना पाश्चात्त्य संगीताची परिभाषा न वापरता सांगता येतो. चार मात्रांचे एक आवर्तन धरले, तर आठ-आठ आवर्तनांचे चार भाग होतात. पहिल्या दोन भागांत काफी थाटाचे स्वर असतात, तिसऱ्या भागात तोच सारा थाट षड्जासकट अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि चौथ्या भागात मूळ जागी परततो. हे बत्तीस आवर्तनांचे चक्र फिरत राहते आणि त्यावर डेव्हिस, कोल्ट्रेन, ॲडर्ली आणि एव्हान्स या क्रमाने प्रत्येक जण आपली बढत करतो. तिसऱ्या भागाचे सरकणे एकदा कानाला सापडले, की सुरावटींनी भरलेल्या कानाला ही रचना परकी वाटत नाही. मात्र येथे राग नाही, वादी-संवादी नाहीत, आणि तशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल, हेही आधीच सांगून ठेवावे.

ज्यांना विलंबित आलापाची गोडी आहे, त्यांना ‘प्रॉमिसेस’ द्यावा. काही स्वरांची एकच लहानशी आकृती सुमारे पाऊण तास परतपरत येत राहते आणि तिच्याभोवती सॅक्सोफोन, तंतुवाद्ये व सिंथेसायझर येतात आणि विरतात. तालाची ओढ असलेल्याला तालवादक त्रिलोक गुर्टू द्यावेत. ते मुंबईचे, ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र. त्यांच्या १९८८च्या ‘उसफ्रेट’ या अल्बमात खुद्द शोभाताई गायल्या आहेत, त्यामुळे ठुमरी ऐकणाऱ्या आईलाही तो बिनदिक्कत द्यावा. हिंदी चित्रपटगीतांवर पोसलेल्या भाचरांना चरणजित सिंगांचा भूपाली किंवा यमन द्यावा. पाच-एक मिनिटांत संपतो, पाय हलतो आणि पुढे बोलायला विषय मिळतो.

काही माणसांना यातले काहीच रुचत नाही. तीनदा प्रयत्न करून पाहावा, चौथ्यांदा करू नये.

सोबतची चिठ्ठी

लिंकबरोबर चारपाच ओळींची चिठ्ठी पाठवावी. तिच्यात रचनेचे, कलाकाराचे आणि अल्बमचे पूर्ण नाव व वर्ष असावे, कारण लिंक मरते किंवा दुसऱ्या देशात उघडत नाही, पण नाव असले की रचना शोधता येते. लांबी सांगावी. कुठे कंटाळा येण्याची शक्यता आहे ते प्रामाणिकपणे सांगावे. कोणत्या एका जागी लक्ष द्यायचे ते सांगावे. आणि ती त्यालाच का पाठवली हे एका वाक्यात लिहावे. नमुना म्हणून एका मित्राला लिहिलेली ही चिठ्ठी पाहावी:

“माइल्स डेव्हिस, ‘सो व्हॉट’, अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. साडेनऊ मिनिटे आहेत. पहिले अर्धे मिनिट पियानो आणि बास चाचपडताहेत असे वाटेल, बंद करू नकोस. मग बास एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. तेवढे पकड, पुढचे आपोआप उलगडेल. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बास ऐकूच येणार नाही. तू जुगलबंदीत नेहमी उत्तर देणाऱ्याकडे लक्ष देतोस, म्हणून तुला पाठवतोय.”

या चिठ्ठीत विशेषणे नाहीत, हे मुद्दाम आहे. “अप्रतिम”, “स्वर्गीय”, “आयुष्य बदलून टाकणारे” असे लिहिले की ऐकणाऱ्यावर भारावून जाण्याची सक्ती होते, आणि तो भारावला नाही तर आपल्याला सांगायला संकोचतो. कलाकाराचे चरित्रही लिहू नये. ते आवडल्यानंतर तो स्वतःच शोधतो.

घरचे श्रवणसत्र

चिठ्ठीपेक्षाही परिणामकारक मार्ग म्हणजे एकत्र बसून ऐकणे. जपानमध्ये ‘जॅझ किस्सा’ नावाच्या छोट्या कॉफीगृहांची परंपरा आहे. परदेशी तबकड्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या त्या काळात लोक तिथे एका कॉफीच्या किमतीत उत्तम स्पीकरांवर त्या ऐकत, आणि कित्येक ठिकाणी बोलण्यास मनाई असे. आपल्याकडेही ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकवण्याची सत्रे करत आले आहेत, त्यामुळे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. संगीत तेवढे बदलायचे आहे.

चार ते आठ माणसे पुरेत. दहाच्या वर गेली की गप्पांचा फड जमतो. एकूण वेळ दीड तास ठेवावा आणि त्यात संगीत तासाभराचेच असावे, म्हणजे साधारण सहा-सात रचना. तुम्हाला बारा ऐकवाव्याशा वाटतील. बारा ऐकवू नयेत.

आधी आवाजाची व्यवस्था पाहावी. उभ्या मोठ्या बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची असते. फोन किंवा लॅपटॉपचे स्पीकर त्याच्या जवळपासही पोचत नाहीत, आणि त्यामुळे जॅझचा पाया आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा निम्मा अर्थ हरवतो. महागडी सामग्री लागत नाही, पण दोन वेगळे स्पीकर हवेत. ते बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे, आणि ऐकणाऱ्यांशी साधारण समभुज त्रिकोण होईल अशा अंतरावर ठेवावेत. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की बास फुगतो आणि घुमतो. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी, पडदे ओढून घ्यावेत. रिकाम्या खोलीचा खणखणाट बराच कमी होतो. ॲपमधील एका रचनेतून दुसरीत विरघळण्याची सोय आणि यादी संपल्यावर आपोआप पुढचे काहीतरी वाजवण्याची सोय या दोन्ही बंद कराव्यात. रचना आधीच उतरवून घ्याव्यात आणि फोन विमान-मोडवर टाकावा, नाहीतर कोल्ट्रेनच्या ऐन भरात कोणाचा तरी शुभेच्छा-संदेश टुणकन वाजतो. पाहुणे यायच्या आधी एक रचना पूर्ण वाजवून, खोलीत चारही बाजूंना फिरून, आवाजाची पातळी ठरवावी.

क्रम लावताना सर्वांत कठीण रचना मध्यभागी ठेवावी. सुरुवात ओळखीच्या जागेवरून करावी. माझ्या मते चरणजित सिंगांपासून केलेली सुरुवात बहुतेक वेळा लागू पडते, कारण राग ओळखण्याची चढाओढ सुरू होते आणि खोली सैल होते. त्यानंतर ‘सो व्हॉट’, मग व्हिलेज व्हॅनगार्डमधले बिल एव्हान्स, ज्यात मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. मग ॲलिस कोल्ट्रेन, आणि तिच्यानंतर ‘प्रॉमिसेस’चे पहिले दोन भाग. या ठिकाणी चहा द्यावा. चहानंतर पीटर कॅटची एखादी गायलेली रचना, कारण इतका वेळ शब्दांवाचून बसलेल्या माणसांना मानवी आवाजाची गरज असते, आणि शेवटी लिफाफा. या क्रमात प्रत्येक रचनेपासून पुढच्या रचनेकडे जाणारा एखादा दुवा आहे: वादक, वाद्य किंवा माणूस. दुवा एका वाक्यात सांगावा आणि वाजवायला सुरुवात करावी. वाजवण्यापूर्वी एक मिनिटाहून अधिक बोलू नये.

रचना चालू असताना कोणी बोलू नये हा नियम सुरुवातीलाच हसतखेळत सांगून टाकावा. संपल्यावर लगेच “कसे वाटले?” असे विचारू नये. थोडे थांबले की कोणी तरी आपणहून बोलतेच, आणि ते बोलणे विचारून मिळालेल्या उत्तरापेक्षा खरे असते. एखादी छोटी रचना लागोपाठ दोनदा वाजवून पाहावी. दुसऱ्या वेळी खोलीतली एकाग्रता स्पष्टपणे बदललेली जाणवते.

सोसायटीच्या सभागृहात असे सत्र करायचे असेल, तर कायद्याची थोडी माहिती हवी. स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक सभागृहात, तसेच नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सूट आहे. हॉटेल किंवा कॅफेमध्ये, तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर ही सूट गृहीत धरू नये आणि आयपीआरएस व पीपीएल यांसारख्या, संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्याची चौकशी आयोजकाने आधी करावी. ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ आहे. दहाच्या आत संपवले की शेजारीही पुढच्या वेळी येतात.

प्रत्यक्ष मैफलीला नेताना

ध्वनिमुद्रण कितीही चांगले असले, तरी जॅझ हे मुळात त्या क्षणी घडणारे संगीत आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये पियानोवादक कीथ जॅरेटसमोर चुकीचा, लहान आकाराचा आणि नादुरुस्त पियानो आला. वरच्या पट्ट्या चिरक्या आणि खालच्या पट्ट्या दुबळ्या असल्यामुळे तो बराचसा मधल्या सप्तकांत राहिला आणि डाव्या हाताने त्याच आकृती पुन्हापुन्हा घोटत बसला. त्या अडचणीतून जे निघाले ती एकल पियानोवादनाची सर्वांत अधिक खपलेली ध्वनिमुद्रिका ठरली. कार्यक्रमाची आयोजक अवघी अठरा वर्षांची होती, ही गोष्ट मी आयोजनाला घाबरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आपल्याकडे जागा आहेत, पण त्या टिकतील याची खात्री नसते. मुंबईत १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा वादक येऊन वाजवून गेला. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली उघडलेला ब्लू फ्रॉग हा क्लब २०१६ साली बंद झाला. आज मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, दिल्लीत द पियानो मॅन हा जॅझ क्लब आहे, अरुणाचलात झिरोचा महोत्सव २०१२ पासून भरतो आहे, आणि २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या महोत्सवाने तर एका पिढीला इंडी संगीताची गोडी लावली. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असल्यामुळे त्या सुमारास अनेक शहरांत कार्यक्रम असतात. पहिल्यांदा कोणाला न्यायचे असेल तर ती वेळ चांगली. गोव्यात गेलेल्यांनी समुद्राबरोबर तिथल्या जॅझवादकांचीही चौकशी करावी. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद ज्या गोवेकरांनी उभा केला, त्यांतले चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे कित्येक जण आधी जॅझ वाजवणारे होते.

सोबत नेलेल्याला जाण्यापूर्वी कार्यक्रमाचा आकार सांगावा. जॅझमध्ये बहुधा आधी मूळ धून सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनांवर स्वतंत्र वादन करतो, कधी कधी ड्रम्सवाला आणि इतर चार-चार आवर्तनांची देवाणघेवाण करतात, आणि शेवटी धून परत येते. टाळ्या प्रत्येकाचे स्वतंत्र वादन संपल्यावर मिळतात. ख्यालाच्या मैफलीत समेवर उत्स्फूर्त निघणारी “वाहवा” इथेही खपून जाते, पण बासचे वादन चालू असताना मात्र पूर्ण शांत राहावे. बासवाल्याची पाळी आली की आवाज खाली येतो आणि नेमके तेव्हाच सारा क्लब गप्पा मारू लागतो, हे दुःख जगभरच्या बासवादकांना ठाऊक आहे.

इलेक्ट्रॉनिक कार्यक्रमाला जाताना जाहिरात नीट वाचावी. ‘डीजे सेट’ असेल तर कलाकार इतरांच्या आणि स्वतःच्या रचना निवडून गुंफणार आहे. ‘लाइव्ह सेट’ असेल तर तो स्वतःचे संगीत यंत्रांवर तिथल्या तिथे घडवणार आहे. दोन्हींचे मूल्यमापन वेगळे. डीजे सेटमध्ये निवड आणि चढउतार पाहावा, म्हणून सुरुवातीलाच पोचावे. मुख्य कलाकाराच्या आधीचा डीजे रिकाम्या खोलीला हळूहळू कसा हलवतो हे पाहण्यासारखे असते आणि बहुतेक लोक तेच चुकवतात.

उभे राहण्याची जागा म्हणजे ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाच्या जवळ, मध्यरेषेवर. तो माणूस तिथून जे ऐकतो त्यावरच साऱ्यांचा आवाज बेतलेला असतो. छोट्या जॅझ क्लबात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसावे, ड्रम्सच्या झांजांच्या अगदी समोर बसू नये. इअरप्लग न्यावेत, आणि सोबतच्यासाठीही जोडी न्यावी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास सोसण्याजोगा मानला जातो आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग आवाज मंद करतात, बोथट करत नाहीत.

फोनवर एखादे मिनिट चित्रित करायला हरकत नाही, क्लबचा नियम आड येत नसेल तर. त्याहून उपयोगी म्हणजे मध्यंतरात वादकांना भेटून नुकत्याच वाजवलेल्या रचनेचे नाव विचारणे. छोट्या ठिकाणचे वादक ते आनंदाने सांगतात, आणि पुष्कळदा त्याबरोबर आणखी दोन नावे देतात. घरी पोचल्यावर झोपण्यापूर्वी नोंदवहीत लिहावे: कोण कोणते वाद्य वाजवत होते, काय वाजवले, ध्वनिमुद्रणापेक्षा काय वेगळे झाले. दुसऱ्या दिवशी यातले निम्मे आठवत नाही.

पैसे आणि परतफेड

आवडलेल्या कलाकाराचा अल्बम एकदा तरी विकत घ्यावा, आणि शिफारस करताना ऐकण्याच्या लिंकबरोबर विकत घेण्याची लिंकही द्यावी. २००८ साली सुरू झालेले बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून साधारणपणे पंधरा टक्के स्वतःकडे ठेवते, आणि व्यवहाराचे शुल्क वजा जाता उरलेले पैसे कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला मिळतात. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडून देते, तेव्हा खरेदी जमवून त्या दिवशी करावी. कार्यक्रमाच्या दाराशी टेबलावर ठेवलेली तबकडी किंवा टी-शर्ट घेतला तर त्याहूनही उत्तम. घरी वादक बोलावून छोटी बैठक केली, तर मानधनाचा आकडा आमंत्रणाच्या वेळीच ठरवावा आणि जेवणाच्या आग्रहाला मानधन समजू नये.

समोरच्याने “आवडले” असे कळवले, की लगेच पाच नवी नावे पाठवण्याचा मोह होतो. आठवडाभर थांबावे, आणि त्याने नेमके काय आवडले असे म्हटले आहे त्यावरून एकच पुढचे नाव द्यावे: बास आवडला असेल तर लफारो, शांतता आवडली असेल तर ॲलिस कोल्ट्रेन. त्याने उलट स्वतःची एखादी शिफारस पाठवली, मग ती आपल्याला न मानवणाऱ्या प्रकारातली का असेना, तर आपली पुढची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ती दोन स्पीकरांवर, शेवटपर्यंत ऐकावी, आणि कोणत्या मिनिटाला काय ऐकू आले ते त्याला लिहून कळवावे.